पऱ्हाटीचं काय करता?

वर्ध्याला उतरले तेव्हा माझ्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला होता. नाशिकला गाडीत बसताना खालचा बर्थ माझा होता. पण तान्हं बाळ घेतलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली आणि मी चांगुलपणा दाखवून बसले. रात्रभर वर आखडून पडले. सकाळी उतरताना ती बाई गोड हसून म्हणाली, "काकू, सावकाश हं." सावकाशच उतरणार, बाई, दुसरा इलाजच काय होता!

मी भाषांतर करते. पुस्तकांचं नाही. पुस्तकाच्या भाषांतरावर निदान नाव तरी येतं. मी विम्याच्या अटी, औषधांची पत्रकं, कंपन्यांचे अहवाल असलं करते. गेली काही वर्षं माझ्याकडे सगळं 'हरित' येतं. हरित कर्ज, हरित रोखे, हरित अमुक, हरित तमुक. 'शाश्वत' हा शब्द तर इतक्या वेळा टंकला आहे की त्याचा मला आता वीट आला आहे. वर्ध्याला यायचं कारणही तेच. आष्टी तालुक्यात, तळेगावजवळ, पऱ्हाटीपासून (कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं) जळणाच्या कांड्या बनवणारा एक कारखाना आहे. त्या कांड्या परदेशात जातात आणि तिथल्या वीजकेंद्रात कोळशाऐवजी जळतात. कारखान्याला बाहेरच्या एका संस्थेचं स्वस्त हरित कर्ज मिळालं होतं. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती, आणि त्या उत्तरांचं इंग्रजी मी केलं होतं. आता कारखान्याला कांड्यांचं दुसरं यंत्र घ्यायचं होतं, म्हणून पुन्हा तपासणी. मुंबईच्या सल्लागार कंपनीतला जाणारा माणूस ऐनवेळी आजारी पडला. तिथली मॅडम फोनवर म्हणाली, "तुम्हाला मराठी येतंच. दहा-बारा जणांशी बोलून या, झालं." झालं काय, कप्पाळ! पण घरी बसून तरी मी काय दिवे लावत होते?

सावंगीत मोठ्या रुग्णालयाच्या समोर एक लॉज मिळालं. तिथल्या नोंदवहीत नाव, गाव आणि त्यानंतर 'पेशंटचं नाव' असा रकाना होता. मी तो मोकळा सोडला तर काउंटरवरचा माणूस काळजीनं म्हणाला, "पेशंट कोण हाये, मावशी?" म्हटलं, कोणी नाही. "मंग तुमीच का?" माझ्या चालण्याकडे पाहून त्याचा तसा समज झाला असावा. मी नाही म्हणाले, पण ठामपणे म्हणता आलं नाही. दिवसभर खोलीत पडून राहिले. बाहेर कॉलेजची मुलं पांढरे कोट खांद्यावर टाकून चहाच्या टपरीवर उभी होती आणि लॉजच्या व्हरांड्यात नातेवाईक डबे धूत होते. माझ्याइतकं दमलेलं तिथे कोणीही नव्हतं, आणि माझ्याकडे दमायला सगळ्यांत कमी कारण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावभाऊ गाडी घेऊन आले. पन्नाशीचे गृहस्थ, राहणार सिंदी मेघे, गाडी स्वतःची. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी माझी चौकशी सुरू केली.

"मॅडम, पहिल्यांदाच आल्या का वर्ध्याले?"

"हो."

"आश्रम पायला का?"

"नाही अजून."

"बाप्पा! सारे आश्रमच पायाले येतात. तुमी पऱ्हाटी पायाले आल्या!" आणि स्वतःच खो-खो हसले. मलाही हसू आलं. प्रवासातलं पहिलंच.

आर्वीच्या रस्त्याला लागलो. फाल्गुन निम्मा सरला होता. बांधाबांधावर पळस फुलला होता आणि दोन्ही बाजूंना वेचून रिकामी झालेली कपाशी उभी होती. पानं गळलेली, बोंडं फुटून कोरडी पडलेली, काड्याच काड्या. मधूनच एखादं वावर (शेत) स्वच्छ, नांगरलेलं दिसे. ते बघून देवरावभाऊ दर वेळी म्हणायचे, "हे मशीनचं." उरलेली वावरं बघून काही म्हणायचे नाहीत. आर्वीत तर्री पोहे खाल्ले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. वर भरपूर सांबार घातला होता. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला दुकानदाराशी दोन मिनिटं वाद घातल्यावर कळलं. मी म्हणत होते, मला सांबार नको, पोह्यावर कोण घेतं? आणि तो म्हणत होता, बिना सांबाराचे पोहे कसे लागतीन, मावशी? देवरावभाऊंनी मध्ये पडून सोडवलं. भाषांतरकाराला भाषांतर करून द्यायला माणूस लागला. तेव्हा ही गंमत वाटली होती.

तळेगावला महामार्गाच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. तिथून आत वळून कारखाना. पत्र्याची मोठी शेड, बाहेर पऱ्हाटीच्या भुग्याचे डोंगर, आणि सगळीकडे पिवळट धूळ. व्यवस्थापक राऊत मूळचे आर्वीचेच. आधी जिनिंगमध्ये होते. माणूस सरळ वाटला. त्यांनी यंत्रातून पडणाऱ्या कांड्या माझ्या तळहातावर ठेवल्या. बोटाच्या पेराएवढ्या, गरम, गुळगुळीत, आणि वासाला भाजक्या लाह्यांसारख्या. पांढऱ्या अवाढव्य पोत्यांत त्या भरल्या जात होत्या आणि प्रत्येक पोत्यावर हिरवं पान छापलेलं होतं. तीस-पस्तीस माणसं कामाला होती, बहुतेक आसपासच्या गावची, तोंडाला दुपट्टे बांधलेली.

मी विचारलं, "इतकं बाहेर कशाला पाठवता? इथल्या वीजकेंद्रांना नको का?"

"पायजे ना! पण त्यांचे पैसे कवा येतीन काई भरवसा नाई," राऊत म्हणाले. "अन् आपलं कर्जच असं हाये मॅडम, का माल बाहेर गेला पायजे. बाहेरचा पैसा आला तरच ते स्वस्त व्याज. अन् बाहेरचा गिऱ्हाईक कवा घेते? सर्टिफिकेट असलं तं. अन् सर्टिफिकेट कवा भेटते? माल टाकाऊ असला तं. म्हंजे ज्याचा कोनाले उपेग नाई, जे शेतकरी असाच जाळून टाकते, असा. ह्या एका शब्दावर सारं चाललं हाये बघा, टाकाऊ."

"आणि तिकडे जाळल्यावर धूर होत नाही?"

"होते ना. पण तो मोजत नाईत. हिरवा धूर हाये तो." एवढं बोलून ते कपाटाकडे वळले आणि फाईल घेऊन आले.

फाईल चाळताना मी एका पानावर थबकले. ते वाक्य मी लिहिलेलं होतं. आपलं अक्षर ओळखावं तसं आपलं वाक्य ओळखू येतं. इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा: 'कापूस वेचून झाल्यावर शेतकरी उरलेली झाडं शेतात जाळून टाकतात.' त्याखाली जाड अक्षरांत निष्कर्ष: हा कच्चा माल टाकाऊ आहे, तो उचलल्यानं कोणाचंही नुकसान नाही, उलट शेतातला धूर वाचतो. मला जरा बरंच वाटलं. आपलं काम कुठेतरी पोचलं, त्यावर कारखाना उभा राहिला, माणसं कामाला लागली, असं मनात येऊन गेलं. अगदी खरं सांगते, मी त्या पानाचा फोटोसुद्धा काढला.

माझ्या यादीत पहिलं नाव कुसुमताईंचं होतं. कारखान्यापासून दोन-तीन कोसांवर त्यांचं घर, घरामागे विहीर, वांगी, मेथी, सांबाराचे वाफे, आणि पलीकडे कपाशीचं मोठं वावर. भाजी तळेगावच्या बाजारात जाते. कुसुमताई पंचेचाळिशीच्या, उंच, कमरेला पदर खोचलेला. त्यांनी आधी चहा ठेवला, मग खाट टाकली, मग माझ्या गुडघ्यांकडे पाहून खाटेवर गोधडी टाकली. मी कागद काढला आणि सवयीनं पहिला प्रश्न वाचला, "कापूस संपल्यावर पऱ्हाटीचं काय करता?"

"जाळतो."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नावापुढे हेच उत्तर होतं. एकच शब्द. जवळजवळ सगळ्यांचं हेच होतं. मी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे जाणार, एवढ्यात काय सुचलं कोण जाणे, मी नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "शेतातच का?"

कुसुमताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बाई शिकलेली दिसते, पण डोक्यानं बरी आहे ना? "वावरात? वावरात काऊन जाळीन व माय? चुलीत जाळतो! जळतन हाये ते."

जळतन म्हणजे सरपण. मी देवरावभाऊंकडे पाहिलं. ते दारात बसून संत्रं सोलत होते. "तसं एखादा जाळते वावरात," ते म्हणाले, "ज्याले घाई असते. पण बाकी साऱ्या चुली त्याच्यावरच तं चालतात, मॅडम. तुमाले मालूम नाई का?"

मला मालूम नव्हतं. त्या दोन-अडीचशे कागदांवर 'जाळतो', 'जाळतो', 'जाळतात' असं ओळीनं आलेलं होतं आणि मी नाशिकला पंख्याखाली बसून ते इंग्रजीत घालत होते. त्या दिवसांत टीव्हीवर उत्तरेकडचे पेटलेले शेतांचे पट्टे दाखवत होते. 'जाळतो' एवढंच लिहिलं तर वाक्य अर्धवट वाटत होतं. कुठे जाळतो, हे वाचणाऱ्याला कळायला नको का? म्हणून मी मदत केली. 'शेतात' हा शब्द माझा. तो कोणीही म्हणालं नव्हतं. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दांना हात न लावण्याची शेखी मिरवली, आणि जिथे लावला तिथे हा असा.

चहा गार झाला तरी मी तशीच बसले होते. मग कुसुमताईच म्हणाल्या, "मी बी नाई जाळत तशी. माह्याकडे गॅस हाये, गोबरगॅस बी हाये. जाळते ते सोनाबाई. ते लोकं वावर उपटून देतात अन् पऱ्हाटी घेऊन जातात. रोजी (मजुरी) नाई देत मी, अन् ते मागत बी नाईत. माह्या सासूच्या वक्तापासून असंच हाये."

"आणि यंदा?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "यंदा ह्यांनी कारखान्याचं मशीन सांगतलं. परवा येते. मशीन एका दिवसात वावर मोकळं करते, मले उन्हाळी भुईमुंग लावाले भेटते. उपटाले त्याह्यले (त्यांना) दोघी-तिघीले आठ-दहा दिवस लागतात."

"सोनाबाईंना माहीत आहे?"

"नाई. मी सांगतलंच नाई." आणि एकदम चिडून म्हणाल्या, "कोन्या तोंडानं सांगू? तुमीच सांगा ना आता, सर्व्हेवाल्या आल्या तं!"

असं ते काम माझ्या गळ्यात पडलं. सोनाबाई उईके यांचं घर त्याच शिवारात, टेकाडाच्या पायथ्याला, गोंडांच्या टोल्यावर (वस्तीवर). दहा-पंधरा घरं, सारवलेली अंगणं, कुडाच्या भिंती. दर घरामागे पऱ्हाटीची गंजी असते, असं देवरावभाऊ म्हणाले. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी नुसती जागा होती. सोनाबाई पन्नाशीच्या असतील, बारीक, दंडावर गोंदलेलं. माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, कारण यादी वावर असलेल्यांची होती. त्यांनी बसायला म्हणून सिलिंडर पुढे सरकवला. "बसा ह्याच्यावर. सरकारनं देल्ला. एक डाव भरला होता, मंग नाई भरला. बसाले बरा हाये." मी बसले. खरंच बरा होता, गुडघे वाकवावे लागले नाहीत.

आतून त्यांच्या सासूचा आवाज आला. त्यात 'येर' असा एक शब्द होता. "पाणी द्या म्हन्ते तुमाले," सोनाबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात अजून गोंडी बोलतात. आमच्याशी मराठी, सासूशी गोंडी, आणि अधूनमधून बाहेरच्या व्यापाऱ्यांशी हिंदी. मी मनात म्हटलं, या बाईला तीन भाषा येतात आणि हिला कोणी एकाही भाषेत काही विचारलं नाही.

मी सांगितलं. घाबरत सांगितलं, पण सगळं सांगितलं. परवा कुसुमताईंच्या वावरात मशीन येणार आहे, हेही आणि दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर मी काय लिहिलं तेही. सोनाबाई ऐकत होत्या. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मांगच्या साली चार वावरं होते आमच्याकडे उपटाले," त्या म्हणाल्या. "औंदा हे एकच राह्यलं होतं. मी कालच उपटाचा चिमटा लोहाराकडून धार लावून आणला." मग म्हणाल्या, "जंगलात गेलं तं अर्धा दिवस जाते, बाई. अन् गार्डनं पायलं तं कुऱ्हाड जमा. पऱ्हाटी कशी, घराजवय हाये, पोरी-सुना बी आणू शकतात. पावसाळ्यात वाळकं लाकूड कुठून आणू मी?"

प्रश्न साधा होता. पावसाळ्यात त्या चुलीत काय जाळणार? हिरव्या कर्जाच्या सगळ्या कागदांत, सगळ्या रकान्यांत, हा एक प्रश्न कुठेही नव्हता.

संध्याकाळ व्हायच्या आत परत कुसुमताईंकडे गेले आणि खाटेवर बसून रीतसर भांडले. माझा काय अधिकार होता, देव जाणे. कुसुमताईंनी पण ऐकून घेतलं नाही. "तुमाले काय जाते बोलाले! मले वावर मोकळं नको का? मी एकटी कवरोक (कुठवर) लोकायचं पाहू?" आम्ही दोघी बराच वेळ बोललो, मग दोघीही दमलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "मशीन परवा येते. उद्याचा दिवस हाये. उद्या जेवढं उपटता येईन तेवढं त्याह्यनं न्यावं. सांगा तिले, झुंझुरकाच (पहाटेच) येजो म्हणा." आणि मला म्हणाल्या, "तुमी बी इथंच राहा. कुठी वर्ध्याले जाता आता?" देवरावभाऊ टोल्यावर निरोप सांगून आले. रात्री कुसुमताईंनी पाटोडीचा रस्सा केला होता, ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत. भांडण झालेल्या घरात मी इतकं चांगलं कधी जेवले नव्हते.

सकाळी उजाडायच्या आधीच टोल्यावरच्या अकरा-बारा बाया वावरात उतरल्या होत्या. प्रत्येकीकडे लोखंडी चिमटा. हा चिमटा म्हणजे लांब दांड्याची पकड. बुडाशी झाड धरायचं, दांडा दाबायचा, पऱ्हाटी मुळासकट वर. सोनाबाईंच्या हातात ते इतकं सोपं दिसत होतं की मीही मागितला. पहिलं झाड निघालं, दुसरं निघालं, चौथ्याला मी बांधावर बसले आणि तळहात बघत राहिले. सगळ्या बाया हसल्या. "राहू द्या बाई, तुमी लिवाचं पाहा," सोनाबाई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मला लागलं. मी उठले आणि उपटलेल्या झाडांचे भारे बांधायला लागले. तेवढं जमलं.

दहा वाजेपर्यंत वावराचा तिसरा हिस्सा मोकळा झाला. बाया बोलायच्या थांबल्या होत्या, ऊन चढलं होतं. देवरावभाऊसुद्धा गाडी सोडून भारे टोल्याकडे पोचवत होते. आणि तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे मशीन. शेजारचं वावर लवकर उरकलं म्हणून ते आजच आले होते. मोटरसायकलवर राऊत पुढे.

ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. बाया बाजूला झाल्या नाहीत. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. सोनाबाईंनी एकदा वळून पाहिलं आणि पुढचं झाड चिमट्यात धरलं. त्यांच्या मागे सगळ्या जणी आधीपेक्षा जोरात उपटू लागल्या. पुन्हा भोंगा. एकीचा पाय सटकला, ती पडली, उठली आणि पुन्हा चिमटा चालवू लागली. मला ते बघवेना. मी उठले आणि गुडघे ओढत राऊतांपर्यंत गेले.

"थांबवा हे," म्हटलं. "ही पऱ्हाटी टाकाऊ नाही. यांचं सरपण आहे."

"मॅडम, मी खोटं बोललो का?" राऊत शांतपणे म्हणाले. "फायलीत जे हाये तेच मी दाखवलं ना तुमाले?"

"फाईलमधलं वाक्य माझं आहे. चुकलेलं आहे. लोक चुलीत जाळतो म्हणाले होते, मी शेतात लिहिलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मंग आता बदलता?"

"बदलते."

"म्हंजे दुसरी मशीन गेली. सर्टिफिकेट बी जाईन कदाचित." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मॅडम, कारखान्यात जे पोरं पायले ना तुमी कालच्याले, त्यातले अर्धे पुण्याले जाणार होते कामाले. ते इथं थांबले ह्याच्यामुळं. त्याह्यले मी काय सांगू? मॅडमचा एक शब्द चुकला म्हून?"

राऊतांचंही खरं होतं. दोन्ही बाजूंनी खरं होतं आणि मध्ये माझा एक शब्द. मी फक्त म्हटलं, "मला माफ करा." ते कोणाला म्हटलं, तेही नीट कळलं नाही.

राऊतांनी मोटरसायकल रस्त्याकडे वळवली. मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "आज राहू दे गा. उद्या येजो. जे ठरलं होतं तेच."

त्या दिवशी सूर्य कलेपर्यंत बाया उपटत होत्या. अर्ध्याच्या वर वावर झालं. कुसुमताई दुपारी ताकाची घागर आणि भाकरी घेऊन आल्या आणि मग स्वतःही एक चिमटा घेऊन एका ओळीला लागल्या. सोनाबाई आणि त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण शेजारच्या ओळींत होत्या. निघताना टोल्यावर सोनाबाईंनी गंजीकडे बघून हिशेब केला, "पोळ्यापर्यंत पुरीन. त्याच्या पुढचं पुढं पाहू." पोळा म्हणजे श्रावणाची अमावस्या. त्यानंतरही पाऊस असतोच.

परतीच्या गाडीत खालचा बर्थ मिळाला आणि या वेळी मी तो कोणालाही दिला नाही. तिथेच बसून मोबाईलवर मुंबईच्या सल्लागार कंपनीला पत्र लिहिलं. 'मूळ उत्तरांत शेतात हा शब्द नाही. तो अनुवादकाने, म्हणजे मी, घातला. लोक पऱ्हाटी स्वयंपाकासाठी जाळतात. भूमिहीन कुटुंबांना ती उपटण्याच्या बदल्यात मिळते. तिला टाकाऊ म्हणता येणार नाही.' तीस वर्षांत पहिल्यांदा एखाद्या कागदावर माझं नाव आलं. भुसावळ यायच्या आत पाठवूनही टाकलं, नाहीतर घरी जाऊन मला धीर झाला नसता.

घरी आल्यावर आठवडाभर तळहातांचे फोड बरे झाले नाहीत. पाहुणी आलेली बहीण म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस? तू काय कारखाना काढलास?" तिचं म्हणणं पटवून घ्यायचा मी खूप प्रयत्न केला. माझ्यासारख्या बायकांचं असंच असतं. आपण फक्त मधले, आपण फक्त शब्द इकडचे तिकडे केले, असं म्हणायचं आणि झोपायचं. वर्ध्यापर्यंत जाऊन आल्यावर मात्र ते म्हणणं तोंडातून निघेना. दूर देशातल्या कोणाला तरी स्वच्छ वीज हवी, म्हणून कोणीतरी स्वस्त कर्ज देतं, त्या कर्जाला एक शब्द लागतो, आणि तो शब्द कुठेतरी पंख्याखाली बसलेली माझ्यासारखी बाई पुरवते. मग एका चुलीखालचं सरपण निघून जातं. मध्ये कोणीही वाईट नसतं.

उत्तर महिन्याभरानं आलं. फार सभ्य होतं. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते. माझ्या दुरुस्तीची नोंद घेतली होती. स्थानिक कुटुंबांच्या इंधनावर परिणाम होतो हे मान्य केलं होतं, आणि त्यावर उपायही काढला होता. प्रभावित कुटुंबांना बिनधुराच्या चुली देण्यात येतील, त्या चुलींत याच कारखान्याच्या कांड्या वापरायच्या, आणि त्या कुटुंबांना कांड्या सवलतीच्या दरात मिळतील. कर्जाची अट त्यामुळे पूर्ण होत होती. दुसऱ्या यंत्राला मंजुरी होती. सोबत चुलीचं माहितीपत्रक जोडलं होतं, मराठी करून शुक्रवारपर्यंत पाठवावं.

मी दोन दिवस ते उघडलं नाही. मग केलं. मी नाही केलं तर दुसरं कोणीतरी करील, आणि आणखी काय काय घालील, असं मनाला सांगितलं. 'स्वयंपाकासाठी जाळायचं' असं लिहिलं, 'चुलीत' असं लिहिलं, 'सरपण' शेजारी कंसात 'जळतन' लिहिलं. तीन वेळा मूळ मजकुराशी ताडून पाहिलं. मग देवरावभाऊंकडून सोनाबाईंच्या सुनेचा नंबर घेतला, फोन लावला आणि सोनाबाईंना सबंध पत्रक वाचून दाखवलं. त्यांच्यासाठीच होतं ते, त्यांना आधी कळायला हवं.

सोनाबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. पत्रक संपलं. मग त्या म्हणाल्या, "बाई, मले बराबर समजलं का पाहा. आमी उपटत होतो ते पऱ्हाटी ते नेतीन, त्याच्या कांड्या करतीन, अन् मंग त्याच कांड्या आमाले इकत देतीन?"

या वेळी माझ्या भाषांतरात एक शब्दही इकडचा तिकडे झाला नव्हता.

"हो," मी म्हणाले.